वर्षाला ४ लाख फी घेणारी डे स्कूल: मुलांच्या आणि पालकांच्या वाट्याला नेमकं काय येतं

प्रश्न असा आहे: मुलगी पाचवीत, राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, फी वर्षाला साधारण ६० हजार. सहावीपासून तिला पुण्यातल्या केंब्रिज या ब्रिटिश आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या खासगी डे स्कूलमध्ये घालायचा विचार आहे, फी ४ लाख. अशा शाळांतल्या मुलांचा आणि पालकांचा खरा अनुभव काय असतो, आणि प्रवेश घेण्याआधी काय तपासावं?

महाग शाळेत तुम्ही जे विकत घेता, ते म्हणजे मोठ्या माणसांचा वेळ. पोहण्याचा तलाव आणि काचेचं ग्रंथालय डोळ्यांत भरतं, त्यामुळे बोलणं त्याचंच होतं. पण सहावीतल्या मुलीचं वर्ष कसं गेलं हे ठरतं ते तिची वही कोणी वाचली, आठवड्यात तिच्याशी कोण नीट बोललं, आणि ती गप्पगप्प राहायला लागली तर ते कोणाच्या लक्षात आलं यावर. ४ लाख फी आणि २४ मुलांचा वर्ग धरला तर एका तुकडीतून वर्षाला ९६ लाख जमा होतात. त्यातले किती शिक्षकांवर जातात आणि किती जागा, व्यवस्थापन, जाहिरातीवर, हे शाळा सांगत नाही. तरीही शिक्षकांचा वेळ मुलांपर्यंत पोचतोय की नाही हे बाहेरून ओळखता येतं. त्याकडे येण्याआधी पैशांचा हिशेब उरकून घेऊ, कारण तिथे गोंधळ सर्वांत आधी होतो.

हिशेब एका वर्षाचा करू नका, सहावी ते बारावी अशा ७ वर्षांचा करा. दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरली तर ४ लाखांची फी क्रमाने ४, ४, ४.६, ४.६, ५.२९, ५.२९ आणि ६.०८ लाख होते. बेरीज जवळपास ३४ लाख. यात नववीला आणि अकरावीला अभ्यासक्रम बदलला की होणारी वेगळी उडी धरलेली नाही, आणि ती बहुतेक शाळांत असते. म्हणून सहावीची फी विचारताना नववी आणि अकरावीची आजची फीही त्याच बैठकीत विचारा. वरचे खर्च वेगळे: बस, शाळेतलं जेवण, गणवेश, पुस्तकं, टॅब्लेट किंवा लॅपटॉप, सहली, स्पर्धा, आणि दहावी-बारावीला केंब्रिजची विषयागणिक परीक्षा फी. हे सगळं मिळून मूळ फीच्या २० ते ३० टक्के धरावं. २५ टक्के धरले तर ७ वर्षांचा आकडा ४२ लाखांवर जातो. घरात दोन पगार असतील आणि त्यातला एक थांबला तरी किमान दोन वर्षं फी भरता येईल एवढी शिल्लक नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: या फीच्या शाळेत जाऊ नका. आठवी-नववीत पैशांसाठी शाळा बदलावी लागणं मुलीला फार जड जातं.

सुरुवातीला भरायच्या रकमेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. प्रवेश शुल्क परत मिळत नाही, अनामत परत मिळते, पण बिनव्याजी आणि बहुधा अटींसह. दोन्हींच्या पावत्या वेगळ्या घ्या. 'डेव्हलपमेंट' किंवा 'देणगी' म्हणून पावतीशिवाय मागितलेली रक्कम देऊ नका. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीबाहेरची रक्कम, घ्यायला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने आणि देशभर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने बंदी आहे. जुन्या करप्रणालीत असाल तर आयकराच्या वजावटीत फक्त शिकवणी शुल्क धरता येतं, तेही इतर गुंतवणुकींसह १.५ लाखांच्या मर्यादेत. त्यामुळे पावतीवर शिकवणी शुल्क वेगळं दाखवलेलं हवं.

हप्त्यांची एक सोय हल्ली बऱ्याच शाळांत दिसते: 'शून्य व्याजावर १० किंवा १२ हप्ते'. इथे तुम्ही शाळेला हप्ते देत नसता. एक कर्जकंपनी वर्षाची फी शाळेला एकरकमी देते आणि तुमच्या नावावर कर्ज उभं राहतं. मुलीला ऑक्टोबरमध्ये शाळेतून काढलं तरी कर्ज चालूच राहतं, हप्ता चुकला तर तुमच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, तो चढतो, आणि शाळेकडून परतावा मिळवणं ही तुमची वेगळी लढाई होते. शाळेच्या स्वतःच्या तिमाही हप्त्यांत भरता येत असेल तर तेच करा, थोडं महाग पडलं तरी.

फीवाढीबद्दल कायदा पालकांना वाटतो त्यापेक्षा बराच तपशीलवार आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ केंब्रिज आणि आयबी (असाच दुसरा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) यांच्या खासगी शाळांनाही लागू आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा. त्याची कार्यकारी समिती असते: अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालक, सचिव शिक्षक, आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक. पालक सदस्य सोडतीने निवडायचे असतात. व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो, आणि मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहते. समितीने सुचवलेली आणि व्यवस्थापनाने मागितलेली फी यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर व्यवस्थापन विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकतं. तिचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात. पालकांच्या बाजूने मात्र किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावं लागतं. एकट्या पालकाची तक्रार तिथे टिकत नाही, आणि अनेकांची वर्षं वाया जातात ती हे माहीत नसल्यामुळे.

प्रत्यक्षात चुकतं ते असं: सोडत कागदोपत्री होते, शाळेला सोयीचे पालक समितीत येतात, बैठकीत प्रस्ताव पडद्यावर दाखवून त्याच दिवशी सह्या घेतल्या जातात. प्रवेश घेण्याआधी दोनच गोष्टी मागा: मागच्या दोन वर्षांच्या कार्यकारी समितीची यादी आणि फी मंजुरीच्या बैठकीचं इतिवृत्त. जी शाळा हे शांतपणे दाखवते तिथे पुढची वागणूकही बहुधा सरळ असते. 'प्रवेश झाल्यावर बघू' असं उत्तर आलं तर ते नोंदवून ठेवा.

आता मुख्य गोष्ट, शिक्षकांचा वेळ.

ओपन हाऊसच्या दिवशी शाळा पाहून काही कळत नाही. साध्या मंगळवारी-बुधवारी, साडेदहा-अकराची वेळ मागून जा. सहावीच्या एखाद्या वर्गातल्या इंग्रजीच्या आणि गणिताच्या वह्या दाखवायला सांगा, नावं झाकून चालेल. तपासल्याच्या तारखा बघा. दोन आठवड्यांहून जुनं काम नुसत्या बरोबरच्या खुणेने सोडलेलं असेल, निबंधावर फक्त 'गुड' लिहिलेलं असेल, तर २४ मुलांच्या वर्गाचा तुम्हाला काही उपयोग नाही. शिक्षिकेने प्रश्न विचारलाय, मुलाने खाली उत्तर लिहिलंय, मग पुन्हा तपासलंय, असं दिसलं तर ४ लाखांचा अर्थ लागतो.

मग विचारा: सहावी ते आठवीच्या शिक्षकांपैकी तीन वर्षांहून जास्त काळ इथेच असलेले किती? गेल्या वर्षी सत्राच्या मध्यावर किती जण गेले? महाग शाळांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा त्रास हाच आहे. शहरात नवी शाळा उघडली की चांगले शिक्षक तिकडे जातात, बहुधा दिवाळीच्या सुमाराला किंवा मार्चनंतर. वर्षात गणिताचे तीन शिक्षक बदललेल्या मुलांचे अपूर्णांक आणि बीजगणित कच्चं राहतं, आणि ते नववीत उघडं पडतं. एकूण मुलं भागिले एकूण कर्मचारी असं करून सांगितलेलं '१:१०' चं गुणोत्तर मोजू नका. त्यात नृत्यशिक्षक, समुपदेशक, कोऑर्डिनेटर सगळे येतात. गणिताच्या तासाला वर्गात किती मुलं आणि किती शिक्षक, एवढंच विचारा.

स्वच्छतागृह दुसऱ्या सुट्टीनंतर बघा, सकाळी नको. नर्सची नोंदवही असते, ती भरलेली आहे का एवढं पाहिलं तरी पुरे. शाळा सुटायच्या वेळी फाटकावर १५ मिनिटं थांबा. मुलं कोणाच्या हवाली केली जातात, बसची ताई नावं पुकारून चढवते का, उशिरा येणाऱ्या पालकाच्या मुलाजवळ कोण थांबतं, हे तिथे दिसतं.

मुलीसाठी पहिले चार महिने कसे जातील, हे तिला आणि तुम्हाला आधी माहीत असावं. राज्य मंडळातून आलेल्या मुलांना केंब्रिजचं सहावीचं गणित आकडेमोडीत सोपं जातं. अडतं ते शब्दांत. प्रश्न लांब असतात, उत्तराबरोबर कारण मागतात. विज्ञानात व्याख्या पाठ असून भागत नाही, प्रयोगात काय बदललं, काय स्थिर ठेवलं, हे लिहावं लागतं. इंग्रजीत उताऱ्यावरून स्वतःचं मत लिहायचं असतं आणि ९० टक्क्यांची सवय असलेली मुलगी ६० वर येते. हे पहिल्या सत्रात अपेक्षितच आहे, त्यासाठी लगेच शिकवणी लावू नका. रोज २० मिनिटं इंग्रजी वाचन आणि आठवड्याला एक पानभर लेखन, घरी, कोणीतरी बसून वाचलेलं, याने डिसेंबरपर्यंत बराच फरक पडतो. परदेशी भाषा, बहुधा फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश, बाकी मुलांची एक-दोन वर्षं आधीच झालेली असते. तिथे मात्र एप्रिल-मे मध्ये सहा आठवड्यांची तयारी करून घ्यावी.

मराठी गाळू नका. २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी शिकवणं राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांना सक्तीचं आहे, केंब्रिज आणि आयबीसकट, आणि न शिकवणाऱ्या शाळेला १ लाखापर्यंत दंड आहे. तरी अनेक शाळांत तो तास आठवड्यातून दोनदा, शेवटच्या तासाला, वर्कशीट भरून उरकला जातो. तुमच्या मुलीचं मराठी आज चांगलं आहे. तीन वर्षांत ती आजी-आजोबांना इंग्रजीत उत्तर द्यायला लागली तर ते शाळेच्या वेळापत्रकामुळे झालेलं असेल, म्हणून मराठीची शिक्षिका पूर्णवेळ आहे का आणि कोणतं पुस्तक वापरतात हे विचारा.

प्रवेशावेळी 'इंटरॲक्शन' म्हणून मुलीची लेखी चाचणी घेतली जाईल. कायद्याने प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी करता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. शाळा याला पातळी समजून घेण्याची चाचणी म्हणतात. तसं असेल तर निकाल मागा आणि त्यावरून कोणत्या विषयात काय मदत देणार ते लेखी घ्या. मुलीला वाचन-लेखनाची खास अडचण असेल तर ती लपवू नका. अध्ययन साहाय्याचा विभाग असतो का, त्याची फी वेगळी आहे का, वर्गात मदतनीस लागला तर त्याचा पगार कोणी द्यायचा, हे सगळं पहिल्याच भेटीत. परीक्षेतल्या जादा वेळेसारख्या सवलतींसाठी मंडळाला तज्ज्ञाचा अहवाल लागतो आणि अर्ज बराच आधी करावा लागतो. दहावीच्या वर्षी जाग येऊन उपयोग होत नाही.

केंब्रिजच्या चार जागा अशा आहेत जिथे पालकांना उशिरा कळतं. आठवीच्या शेवटी 'चेकपॉइंट' ही केंब्रिजची परीक्षा असते, ती निदानासाठी आहे, तिच्या गुणांवर मुलाचं भवितव्य ठरवणाऱ्या शाळेपासून सावध राहा. नववीत आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजचा नववी-दहावीचा अभ्यासक्रम, सुरू होतो तेव्हा गणितासारख्या विषयांना 'कोअर' आणि 'एक्स्टेंडेड' असे दोन स्तर असतात. कोअरमध्ये कितीही चांगलं लिहिलं तरी सर्वांत वरची श्रेणी 'सी'. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलांना कोअरला ढकललं जातं आणि पालकांना त्याचा अर्थ अकरावीच्या प्रवेशावेळी उमगतो. हा निर्णय कधी, कोण, कशावरून घेतं, हे विचाराच. तिसरी जागा विज्ञानाची: तीन स्वतंत्र विषय, 'को-ऑर्डिनेटेड' (तिन्ही मिळून दोन विषयांएवढं), की 'कंबाइन्ड' (तिन्ही मिळून एकाच विषयाएवढं)? पुढे विज्ञान शाखा हवी असेल तर कंबाइन्ड पुरत नाही. चौथी जागा प्रात्यक्षिकाची: शाळा मुलांना खऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसवते, की 'प्रात्यक्षिकाला पर्यायी' लेखी पेपरला? लेखी पर्याय मान्य आहे आणि सोयीचाही, पण तो घेणाऱ्या शाळेत प्रयोगशाळा आठवड्याला किती तास वापरली जाते ते वेळापत्रकात बघा. माहितीपुस्तिकेतल्या चकचकीत प्रयोगशाळेचे फोटो यातलं काही सांगत नाहीत.

दहावीनंतरचा रस्ता आज ठरवायचा नाही, पण दारं कुठली बंद होतात ते आज माहीत हवं. भारतातल्या शाळांसाठी केंब्रिजची मार्चमधली परीक्षा, म्हणजे मार्च मालिका, असते, तिचा निकाल मे महिन्यात येतो. मे-जूनच्या मालिकेचा निकाल ऑगस्टमध्ये. मुलीला राज्य मंडळाच्या अकरावीला परत यायचं असेल तर मार्च मालिका देणारी शाळाच हवी, कारण ऑगस्टपर्यंत केंद्रीय प्रवेशाच्या मुख्य फेऱ्या सरलेल्या असतात. वैद्यकीय शिक्षणासाठी नीट द्यायची तर अकरावी-बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चारही लागतात. ए लेव्हलला, म्हणजे केंब्रिजच्या अकरावी-बारावीला, तीनच विषय घेणारी मुलं इंग्रजीपाशी अडकतात. आयबी डिप्लोमाच्या सहा विषयांच्या नेहमीच्या मांडणीत तीन विज्ञान विषय एकत्र बसत नाहीत, त्यासाठी शाळेला खास परवानगी काढावी लागते. एनआयटीला जेईईच्या क्रमांकाबरोबर बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलची अट आहे. मुलीचा कल अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयकडे दिसत असेल, आणि ते भारतातच करायचं असेल, तर दहावीनंतर राज्य मंडळ किंवा सीबीएसईकडे वळणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. केंब्रिजमधून अशा वळणाऱ्या मुलांना गणिताचा सराव कमी पडतो, म्हणून आठवीपासून आठवड्याला तीन-चार तास राज्य मंडळाच्या किंवा एनसीईआरटीच्या पुस्तकातली उदाहरणं सोडवावीत. परदेशी विद्यापीठासाठी मात्र केंब्रिजच हवं असं काही नाही, सीबीएसई आणि राज्य मंडळाची मुलं दरवर्षी जातात.

डे स्कूलचा दिवस किती लांब असतो याचा अंदाज पालकांना जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. शाळा ८ ते साडेतीन, बस पावणेसातला, घरी पाच. ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. सहाला उठायचं तर नऊला दिवा बंद. म्हणजे पाच ते नऊ या चार तासांत खाणं, खेळ, गृहपाठ, जेवण आणि घरच्यांशी बोलणं. त्यात बाहेरची शिकवणी बसत नाही, बसवली तर झोप जाते. बसचा प्रवास एका बाजूने ४५ मिनिटांहून जास्त असेल तर ती शाळा, कितीही चांगली असो, यादीतून काढा. बावधन ते खराडी हे पुण्यातलं अंतर नकाशावर रविवारी मोजू नका, सोमवारी सकाळी सातला गाडी घेऊन जा. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, तिच्यात पालक प्रतिनिधीही असतो. बसमध्ये मदतनीस आणि मुली असतील तर महिला मदतनीस हवी. समितीची शेवटची बैठक कधी झाली हा एक प्रश्न विचारला की पुष्कळ कळतं. आणि तुमचा थांबा पहिला आहे की शेवटचा तेही, कारण पहिल्या थांब्याच्या मुलाचा रोजचा एक तास जास्त जातो.

डब्याचंही बघा. काही शाळांत घरचा डबा चालत नाही, जेवण सक्तीचं असतं. सुरुवातीला मुलं अर्धं ताट टाकतात आणि घरी येऊन बिस्किटांवर ताव मारतात. आठवडाभराचा बेत मागून घ्या, आणि न खाल्लेल्या मुलाची नोंद कोणी ठेवतं का ते विचारा.

पैशांची दरी मुलीला दिसणारच. वाढदिवसाला क्लबमध्ये मेजवानी, दिवाळीच्या सुट्टीत युरोप, बुटांची किंमत वर्गात चर्चेला. ६० हजारांच्या शाळेतून आलेलं मूल पहिल्या महिन्यात हे घरी बोलत नाही, 'आपली गाडी कोणती' असे प्रश्न विचारतं. घरी उत्तर सरळ द्यावं: आपण शिक्षणावर खर्च ठरवून करतो, बाकीचा ठरवून टाळतो. परदेशी सहलीला नाही म्हणण्याचा हक्क शाळेने मान्य केलेला हवा, आणि न जाणाऱ्या मुलांसाठी त्या आठवड्यात खरा कार्यक्रम हवा, ग्रंथालयात बसवून ठेवणं नव्हे. वाढदिवसाच्या भेटींवर शाळेचं लेखी बंधन असेल तर सगळ्या पालकांचीच सुटका होते. वर्गाच्या ग्रुपवर हा विषय जूनमध्येच कोणीतरी काढावा, एकदा दोन मेजवान्या झाल्या की मागे फिरणं अवघड जातं.

शाळेची खरी परीक्षा माझ्या लेखी एकच आहे: शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांशी ती कशी वागते. विनाअनुदानित खासगी शाळांना, अल्पसंख्याक संस्था वगळता, या जागा द्याव्याच लागतात. राज्याने २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट देणारी दुरुस्ती केली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली. सरकार शाळेला एका मुलामागे देत आलेली प्रतिपूर्ती वर्षाला १७,६७० रुपये, आणि तीही थकते, म्हणून व्यवस्थापन कुरकुर करतं. त्याचा राग मुलांवर निघतो: वेगळी तुकडी, सहलीला नाव नाही, टॅब्लेट नाही म्हणून गृहपाठ नाही, स्नेहसंमेलनात मागची रांग. ही मुलं कोणत्या वर्गात बसतात, त्यांच्या पुस्तकांचं आणि उपकरणांचं काय करता, असं थेट विचारा. आणि आठवीनंतर? कायद्याचं संरक्षण तिथे संपतं आणि नववीला पूर्ण फीचं पत्र घरी येतं. आठ वर्षं एकत्र शिकलेली मैत्रीण अचानक शाळेतून जाते, याचा धक्का फी भरणाऱ्या मुलांनाही बसतो. ज्या शाळांनी या मुलांसाठी दहावीपर्यंतची सोय स्वतःहून केली आहे, त्या शाळेत तुमच्या मुलीलाही माणूस म्हणून बघतील असं मी धरून चालेन.

तक्रार कशी करायची ते प्रवेशाच्या आधी शिकून घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलेलं म्हणजे तक्रार नव्हे, त्याने फक्त शिक्षिका सावध होते आणि मुलीवर शिक्का बसतो. ईमेल लिहा, वर्गशिक्षिकेला, आणि तीन ओळींत: काय घडलं, कधी, काय व्हावं असं वाटतं. सात कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलवर कोऑर्डिनेटर, मग मुख्याध्यापक. तोंडी बैठक झाली तर त्याच संध्याकाळी 'आज असं ठरलं' हे ईमेलने पाठवा. महाग शाळांत जनसंपर्काची माणसं गोड बोलतात, पण आश्वासन देणारी व्यक्ती आणि वर्गात काम करणारी व्यक्ती वेगळी असते. म्हणून प्रत्येक गोष्टीला नाव आणि तारीख हवी. शाळेत दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, मुंबईत शिक्षण निरीक्षक, त्यांच्यावर विभागीय शिक्षण उपसंचालक.

सुरक्षेच्या बाबतीत हा क्रम लागू नाही. लैंगिक छळाचा संशय आला तर शाळेच्या चौकशीची वाट बघायची नाही. पॉक्सो या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेनेसुद्धा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर राज्याने सीसीटीव्ही आणि चित्रीकरणाच्या नियमित तपासणीचे आदेश दिले. मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती त्याआधी, २०२२ पासूनच, प्रत्येक शाळेत अपेक्षित आहे. समितीच्या सदस्यांची नावं फलकावर आहेत का, आणि मुलींना त्यातली एक तरी व्यक्ती चेहऱ्याने माहीत आहे का, हे दोन्ही विचारा. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाची साफसफाई कोण करतं, पुरुष की महिला, हा प्रश्न विचारताना संकोच करू नका.

शेवटी बाहेर पडण्याच्या अटी. बहुतेक शाळांच्या करारात एक पूर्ण सत्र आधी लेखी सूचना द्यावी लागते, नाहीतर पुढच्या सत्राची फी किंवा अनामत जाते. करारात तारीख शोधा, डिसेंबर असेल तर ती कॅलेंडरवर लिहा, आणि त्याच्या तीन आठवडे आधी मुलीशी, वर्गशिक्षिकेशी आणि घरातल्या हिशेबाशी बोलून निर्णय घ्या. पाहायच्या गोष्टी चार: ती सकाळी कशी उठते, तिला एक तरी मैत्रीण मिळाली का, इंग्रजीच्या वहीत सप्टेंबर आणि नोव्हेंबरच्या लेखनात फरक दिसतो का, आणि जूनमधले शिक्षक अजून तेच आहेत का. फी थकली म्हणून १४ वर्षांखालच्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला अडवता येत नाही, पण थकबाकीवरून वाद घालत बसण्यापेक्षा आधी कागद पूर्ण ठेवलेले बरे. आताच्या शाळेतून दाखला घेताना नाव, जन्मतारीख, आधार आणि सरल या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-प्रणालीतली नोंद एकमेकांशी जुळतात का ते काउंटरवरच तपासा. नव्या शाळेने ऑनलाइन हस्तांतरणाची विनंती पाठवून जुन्या शाळेने ती मान्य करेपर्यंत मुलीची नोंद जुन्या शाळेतच दिसत राहते, आणि ही चूक नववीत परीक्षेच्या नोंदणीच्या वेळी सापडली की दोन्ही शाळांचे हेलपाटे घालावे लागतात.